कॅम्परव्हॅन बर्फात न्यायची तर आधी ती शेगडी खाली उतरवा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन मनालीला बर्फ बघायला जा म्हणून अख्खं पान छापलंत, फोटो एक नंबर होते, पण शेवटी शेवटी एक वाक्य आहे की रात्री फारच गारठा वाटला तर छोटी कोळशाची शेगडी गाडीत ठेवावी. ते वाचलं आणि चहाचा कप तसाच ठेवून लिहायला बसलो. मी काही लेखक नाही, सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं बस बॉडीचं वर्कशॉप आहे, बावीस वर्षं झाली, स्कूल बस, ट्रॅव्हलर, शववाहिनी सगळं केलंय, आणि गेल्या तीन-चार वर्षांत कॅम्परव्हॅनची कामं पण यायला लागलीत, त्यामुळे बोलणं जरा तिरकं लागलं तर समजून घ्या.

आधी शेगडीचं संपवतो. बंद गाडीत कोळसा पेटला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, खोकला पण येत नाही, माणूस झोपेतच जातो. उत्तरेत दर हिवाळ्यात खोलीत शेगडी ठेवून झोपलेली घरंच्या घरं गेल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात आतल्या पानावर येतात ओ, पुरवणीवाल्यांनी तेवढं पान तरी उलटून बघावं. आणि त्याला शेगडीच लागते असं पण नाही. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानात मरी गावाजवळ बर्फात गाड्या अडकल्या, वीसहून जास्त माणसं गाडीत बसल्या जागी गेली, त्यातली काही तर थंडीने नाही, याच गॅसने गेली असावीत असं तेव्हा सांगण्यात आलं होतं. इंजिन चालू ठेवून हीटर लावून बसायचं, बाहेर बर्फ साचत साचत सायलेन्सरचं तोंड बुजतं आणि धूर खालून आत शिरतो. तर बर्फात थांबायचं झालं तर दर थोड्या वेळाने खाली उतरून फावड्याने सायलेन्सर मोकळा करायचा, आणि झोपायच्या जागेजवळ सीओचा, म्हणजे याच गॅसचा, अलार्म लावायचा, सेलवर चालतो, त्याच्याशिवाय मी आता गाडी वर्कशॉपच्या गेटबाहेर सोडत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या लेखाचा सूर असा की गाडीत हीटर बसवला की झाली ती बर्फाची गाडी. मला पण आधी तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आमचे एक गिऱ्हाईक आहेत, डॉक्टर. त्यांना मी ट्रॅव्हलरवर कॅम्पर बनवून दिली, दोन बेड, ओटा, बारकं टॉयलेट, टपावर सोलर, आणि स्पेशल म्हणून बाहेरून मागवलेला डिझेल हीटर. गेल्या जानेवारीत गड्ड्याची जत्रा आटोपली आणि ते निघाले, मला म्हणाले मिस्त्री तुम्ही पण चला, काही बिघडलं तर हाताशी राहाल. म्हटलं चला, फुकटात हिमालय. सोलापूर ते मनाली दोन हजार किलोमीटरच्या वर आहे, पोचेपर्यंत काही त्रास नाही, गाडी मस्त. मनालीतून पुढे अटल टनेल, ९ किलोमीटरचा आहे, २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाला, त्याच्या आधी हिवाळ्यात तिकडे जायचं कुणी नावच काढत नव्हतं. टनेलमधून बाहेर पडलं की लाहौलचं खोरं, तिथे सिस्सू गावात एका घरवाल्यांच्या अंगणात गाडी लावली, उंची ३००० मीटरच्या वर. संध्याकाळी हीटर लावला, आत एवढं गरम की डॉक्टर बनियनवर बसलेले.

रात्री तीन-साडेतीनला मला जाग आली ती नाक गार पडल्यामुळे. हीटर बंद. बटण दाबलं तर टिकटिक करतो, धूर सोडतो आणि परत बंद. बाहेर उणे बारा-तेरा असावं. हीटरचं डिझेल येतं गाडीच्याच टाकीतून, आणि टाकी आम्ही फुल्ल केली होती खाली हरयाणात. आता हे बघा, डिझेलमध्ये मेण असतं, गारठलं की ते मेण धरायला लागतं, आधी डिझेल गढूळ होतं, मग फिल्टर बुजतो आणि शेवटी सगळं थिजतं, आपल्या डब्यातलं खोबरेल थंडीत थिजतं ना तसंच. आपल्याकडच्या डिझेलचं जे स्टँडर्ड आहे, आयएस १४६०, त्यात गोठणबिंदू हिवाळ्यात जास्तीत जास्त ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंश चालतो. शून्याच्या वर! म्हणजे साध्या डिझेलने उणे बाराला चालावं असं कुणी कधी लिहूनच दिलेलं नाही. म्हणून तर इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी वेगळं विंटर डिझेल काढलं, ते उणे ३३ पर्यंत थिजत नाही. ते काही रस्त्यावरच्या प्रत्येक पंपावर मिळत नाही. मग डिझेल थिजू न देणारं अँटी-जेल औषध टाकीत घालायचं, ते पण डिझेल गढूळ व्हायच्या आधी, खालीच, वर गेल्यावर थिजलेल्या डिझेलात ओतून काही उपयोग नाही. आम्हाला हे कोण सांगणार? सकाळी घरवाल्यांचा मुलगा आला, किटलीने फिल्टरवर गरम पाणी ओतत बसला, ऊन वर आलं तेव्हा अकराच्या पुढे गाडी सुरू झाली. त्याने आमच्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, ती नजर मी सोलापुरात मे महिन्यात बारा वाजता बिनटोपीचा फिरणाऱ्या पाहुण्याकडे बघतो.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. हीटर बंद पडला तो सकाळपर्यंत, तेवढ्यात पाणी गेलं. पाण्याची टाकी मी चेसिसखाली लटकवलेली, दीडशे लिटरची, कारण आत जागा वाचते आणि आपल्याकडे तशीच लावतात सगळे. आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं त्यामुळे टाकी म्हटलं की मोठीच पाहिजे ही आमची सवय, ती मी गाडीत पण आणली. पाणी गोठलं की साधारण ९ टक्क्यांनी फुगतं, आणि त्याला जागा नाही मिळाली की ते जागा करून घेतं. टाकी वाचली कारण निम्मी रिकामी होती, पण पंपाचं डोकं फुटलं, पाइपाचे दोन एल्बो गेले, आणि मोरीचं पाणी सोडायचा व्हॉल्व्ह असा गोठला की बेसिनमध्ये टूथपेस्टचं पाणी तसंच उभं. वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, काही बोलल्या नाहीत, ते जास्त वाईट.

परत आल्यावर मी एक उद्योग केला. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ असतो तो, पाइपाचे तुकडे पाणी भरून दोन्ही बाजूंनी बूच मारून ठेवले, पीव्हीसी, सीपीव्हीसी आणि पेक्स, म्हणजे तो लवचिक प्लॅस्टिकचा. पीव्हीसी उभा चिरला, सीपीव्हीसी जोडावर गेला, पेक्स फुगला आणि पाणी वितळल्यावर परत जागेवर आला. आइस्क्रीमवाला म्हणाला मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे का. पण आता मी थंडीच्या गाडीत पेक्सच टाकतो, आणि टाकी आत, बेडखाली, हीटरची गरम हवा जिथून फिरते तिथेच. पाइप बाहेरच्या पत्र्याला चिकटवून न्यायचा नाही. सगळ्यात खालच्या ठिकाणी एक मोठा ड्रेन, म्हणजे रात्री शंका आली तर दोन मिनिटांत सगळं पाणी सोडून मोकळं. युरोपात तर असा व्हॉल्व्ह मिळतो की तापमान ३ अंशावर आलं की तो आपोआप गिझरचं पाणी सोडून देतो. मोरीचं पाणी साठवायचंच नाही, व्हॉल्व्ह उघडा ठेवून खाली बादली, सकाळी बर्फाची वडी उचलून नीट जागी टाकून यायची.

आता इन्सुलेशन, आणि इथे चूक माझ्यासकट महाराष्ट्रातल्या बहुतेक बॉडीवाल्यांची आहे. आपल्याकडे ऊन वरून येतं. सोलापुरात ४४ अंशाला पत्र्यावर हात टेकवत नाही, म्हणून आपण टपाला जाड फोम मारतो, बाजूंना थोडासा, आणि जमिनीला नुसता प्लाय आणि वर मॅट. बर्फात उलटं होतं, गाडीखालून वारा वाहतो आणि पाय गार पडतात, हीटर कितीही ओरडू दे. जमीन आधी, मग दारं, मग काचा, मग टप, असा क्रम धरा. आणि पत्र्यामागे ज्या लोखंडी रिबा, म्हणजे बॉडीच्या फासळ्या, असतात त्यांच्या मधल्या खणात आपण फोम भरतो आणि रिबा तशाच उघड्या सोडतो, तर सगळी ऊब त्या लोखंडातूनच बाहेर जाते. दुसऱ्या सकाळी मी टॉर्च मारून बघितलं, आतल्या पॅनेलवर रिबा जिथे आहेत तिथेच ओलीचे पट्टे, मोजून घ्या, जणू गाडीचा एक्स-रे काढलाय.

ओल हा विषय तुमच्या लेखात एका शब्दाने नाही, आणि माझ्या मते थंडीच्या निम्म्या कटकटी ओलीच्याच आहेत. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, बूट-मोजे वाळत घातलेले असतात, त्यात गॅसवर स्वयंपाक. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या आसपास पाण्याची वाफ तयार होते, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही, लोकांना वाटतं गॅस जळला म्हणजे हवा कोरडी होणार. ती वाफ जाते कुठे, सगळ्यात गार जागी, म्हणजे काचा, रिबा, स्क्रूची डोकी आणि गादीच्या खाली. आमच्या गादीखालचा प्लाय दोन रात्रींत फुगला. त्यामुळे कितीही थंडी असू दे टपावरचा व्हेंट बोटभर उघडा ठेवायचाच, गादीखाली सलग प्लाय नको, फटी ठेवून पट्ट्या मारायच्या. भोकं बुजवू पण नका, खासकरून गॅसच्या कप्प्याच्या खालचं भोक, गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तिथूनच खाली जातो, आणि आपले लोक थंडी वाजली की पहिलं तेच भोक चिंधी कोंबून बंद करतात.

वहिनींनी घरून सोलापुरी चादरी आणल्या होत्या सहा-सात. ड्रायव्हरची केबिन आणि मागची खोली यांच्या मध्ये एक डबल करून लावली आणि खरंच फरक पडला, कारण पुढच्या मोठ्या काचेतून जेवढी थंडी आत येते तेवढी कुठूनच येत नाही. पण चादर सुती, सकाळी पिळून काढावी लागली. म्हणजे चादरीचा मान राखून सांगतो, अंगावर घ्यायला तिच्यासारखी नाही, पण पुढच्या काचेला फोम आणि चकचकीत शीट शिवून केलेला पडदाच लावा, आणि जमलं तर तो काचेच्या बाहेरून लावा म्हणजे काच आतून रडत नाही. खिडक्या आपण बसच्या एकेरी काचेच्या सरकत्या लावतो, त्या थंडीला फुकट. दुहेरी अ‍ॅक्रेलिकच्या मिळतात, महाग आहेत, तेवढ्यासाठी एक खिडकी कमी करा पण दुहेरीच लावा. आणि अजून एक, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. हसू नका. दोन रात्री आम्ही त्याच्यावर काढल्या, काही शिजवायचं नाही, वाफ नाही, गॅस वाचला.

गॅस वाचवावाच लागला कारण तो पण रुसला. आपला सिलिंडर म्हणजे ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण. ब्युटेन शून्याच्या जरासं खालीच वाफ व्हायचं बंद होतं, प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत होत राहतं. म्हणून थंडीत सिलिंडर हलवला तर आत गॅस डुचमळतोय आणि शेगडीवर ज्योत मात्र उदबत्तीएवढी. युरोपात हिवाळ्यात लोक नुसतं प्रोपेनच भरतात. कोणी सिलिंडरखाली आग वगैरे लावायला सांगितलं तर त्या माणसापासून लांब राहा.

मग हीटर वाईट का, तर नाही. डिझेल हीटर चांगलाच आहे, तो हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, आत फक्त गरम हवा, शेगडीचा आणि त्याचा काही संबंध नाही. पण तो उंचीवर काजळी धरतो, हवा विरळ आणि डिझेल तेवढंच, म्हणून उंचीचं सेटिंग असलेलाच घ्यायचा आणि ते सेटिंग करायला विसरायचं नाही. त्याला स्वतःची बारकी वेगळी टाकी द्या, त्यात औषध घातलेलं डिझेल, म्हणजे मोठी टाकी थिजली तरी माणसं उबेत राहतील. आणि त्याला बॅटरी लागते. सुरू होताना तो बॅटरीतून दणकून करंट ओढतो. साधी बॅटरी थंडीत अर्धमेली होते, आणि नव्या लिथियमच्या बॅटऱ्या, ज्या आम्ही मोठ्या कौतुकाने बसवतो, त्या शून्याच्या खाली चार्ज करायच्या नसतात, खराब होतात, म्हणून त्यांच्यातलं सर्किट चार्जिंगच तोडतं. आमची बॅटरी पायरीजवळच्या बाहेरच्या पेटीत होती. सकाळी ऊन आलं, सोलरवरचा बर्फ झाडला, मीटर बघतो तर चार्जिंग शून्य. मी वायरिंग तपासत बसलो दोन तास! बॅटरी आत घ्या, बेडखाली, विषय संपला.

चाकांचं थोडक्यात सांगतो. हवा सकाळी तिथे मोजा, इथून भरून नेलेली तिथे कमी भरते, आमची पाच-सहा पाउंड कमी होती. चेन ज्या चाकांना इंजिनचा जोर असतो त्यांना लावायच्या, ट्रॅव्हलरला मागच्या, व्हिडिओ बघून पुढच्यांना लावू नका, आणि घरी अंगणात दोनदा लावून बघा, तिथे उघड्या हाताने बर्फात बसून पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही. आम्ही वर असतानाच दुसऱ्या रात्री बर्फ पडला, पोलीस म्हणाले फोर बाय फोर किंवा चेन असेल तरच सोडू, आमच्याकडे चेन होत्या म्हणून सुटलो. हँडब्रेक रात्री ओढून ठेवू नका, ओला लायनर गोठून चिकटतो, गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाला गुटका लावा. रेडिएटरमध्ये आपल्याकडे वर्षभर साधं पाणी टॉप-अप होत असतं, ते काढून कूलंट निम्मं निम्मं भरा, ते उणे ३७ च्या आसपास टिकतं, नाहीतर ब्लॉकच फुटायचा. एवढं पुरे.

मी हे एवढं लांबण का लावलं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, तेव्हापासून भाड्याच्या गाड्या पण वाढल्यात आणि माझ्यासारखे बॉडीवाले पण. या सगळ्या गाड्या कोकणासाठी, महाबळेश्वरसाठी ठीक आहेत, पण जाहिरातीत ऑल सीझन लिहिलेलं असतं. ऑल सीझन म्हणजे काय ओ? आमच्याकडे पहाटे १२ अंश झालं की लोक माकडटोपी घालतात, त्यालाच आम्ही सीझन म्हणतो. युरोपात या गाड्यांसाठी स्टँडर्ड आहे, ईएन १६४६ म्हणून, त्यात वरच्या ग्रेडची गाडी बाहेर उणे १५ असताना आत २० अंश करून दाखवावी लागते, तेव्हा तो ग्रेड मिळतो. म्हणजे आकडा आहे, थाप नाही. आपल्याकडे गाडीत बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, ते करायचंच, एमएच १३ ला मी प्रत्येक गाडी दाखवूनच देतो, पण थंडीत ती गाडी किती उणेपर्यंत माणसं सांभाळते हे त्या कागदावर कुठेच येत नाही. माझं म्हणणं एवढंच की गाडी बनवणाऱ्याने आणि भाड्याने देणाऱ्याने बिलावर एक ओळ लिहून द्यावी, पाणी अमुक अंशापर्यंत चालेल, हीटर अमुक उंचीपर्यंत. सरकारने सक्ती करायची वाट बघायची गरज नाही, गिऱ्हाइकाने विचारलं तरी पुरे. मी लिहून द्यायला लागलोय. सध्या लिहितो उणे ५, डॉक्टरांच्या गाडीचं सगळं काम नव्याने केलंय तरी. त्याच्या खालचं मी अजून स्वतः झोपून बघितलेलं नाही.

डॉक्टर या जानेवारीत परत जायचं म्हणतात. वहिनींनी अजून हो म्हटलेलं नाही.

आणि साहेब, ते शेगडीचं वाक्य चुकीचं होतं असं येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागेवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. माझं पत्र नाही छापलं तरी चालेल, ते छापा.

आपला,
एक बॉडीवाला, अक्कलकोट रोड, सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती, आइस्क्रीमवाला आधीच सगळ्यांना सांगत फिरतोय)